भावासाठीचं लिव्हर आणि भाकरीतलं तूप

'फॅटी लिव्हर' हे दोन शब्द कदाचित तुमच्याही घरात एखाद्या सोनोग्राफीच्या कागदावर असतील. आमच्याकडे तो कागद केदारखेड्याला, भावाच्या फ्रिजवर, तीन वर्षं पडून होता. लाइटबिलं त्याच्यावर येत गेली आणि जात गेली. पोट दुखतं म्हणून विलासनं सोनोग्राफी केली होती. खडा निघतो की काय अशी भीती होती, तो निघाला नाही. "बाकी काही नाही, थोडं फॅटी लिव्हर आहे, वजन उतरवा," असं त्याला सांगितलं. त्यातलं 'बाकी काही नाही' एवढंच आम्ही ऐकलं आणि येताना जिलेबी घेऊन आलो.

असे कागद ज्यांच्या घरात पडलेत त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. भोकरदनला बावीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवते. मला माप कळतं, टाका कळतो, आणि समोरचं माणूस खरं बोलतंय का ते बऱ्यापैकी कळतं. या आजारपणात तिन्ही गोष्टी कामाला आल्या.

"किती वर्षांपासून घेता?"

विलास माझा धाकटा भाऊ, बेचाळीस वर्षांचा. केदारखेड्याला त्याचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. सकाळी गादीवर बसला की संध्याकाळी उठणार, आणि गिऱ्हाईक आलं की चहा. चहा न पिता त्याच्या दुकानातून कुणी माघारी गेलं नसेल, आणि पाहुण्याला एकट्याला चहा पाजायचा नाही ही आमच्या वडिलांची शिकवण. दिवसाला दहा-बारा कप, साखर मुरलेला. त्याला शुगर होती, गोळी चालू होती. दारूचा मात्र थेंब नाही. लग्नातलं सरबतसुद्धा आधी वास घेऊन पिणारा माणूस.

उन्हाळा संपता संपता त्याला रक्ताची उलटी झाली. संभाजीनगरच्या दवाखान्यात नेला तेव्हा त्याचं पोट पाण्यानं फुगलेलं आणि डोळे पिवळे होते. तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "किती वर्षांपासून घेता?"

इतका अशक्त झालेला माणूस, पण ते ऐकून उठून बसला. "सर, मायची शपथ. कधी हात लावला न्हाई."

डॉक्टरांनी जुने कागद चाळले, शुगर पाहिली आणि मान हलवली. म्हणाले, दारू न पिताही हे होतं. साखर, पोटावरची चरबी, बसून काम, थोडं घराण्यातलं. चरबी लिव्हरमध्ये मुरत जाते, दुखत नाही, म्हणून कळत नाही. कळतं तेव्हा काहींचं लिव्हर पार वाळून दगड झालेलं असतं. विलासचं तसंच झालं होतं.

बघायला आलेले आमचे एक लांबचे काका वॉर्डाच्या दारात उभे राहून म्हणाले, "लपूनछपून घेत असंल. त्याबिगर लिव्हर जातंय व्हय?" माय तिथंच बसली होती. त्यांनी आणलेली सफरचंदं तिनं त्यांच्याच पिशवीत भरून परत दिली.

माझा नंबर लागला

गोळ्यांनी वेळ निघेल पण लिव्हर सुधारणार नाही, बदलावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. जिवंत माणूस आपल्या लिव्हरचा तुकडा देऊ शकतो आणि देणाऱ्याचं परत भरून येतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. खर्च कसा उभा केला ते इथं सांगत बसत नाही. तो सगळ्यांनाच करावा लागतो.

देणार कोण? त्याची बायको वंदना लगेच पुढं झाली, तिचा रक्तगट जुळला नाही. मायचं वय सत्तर. त्यांची पोरगी अजून शाळेत. राहिले मी. वय पंचेचाळीस, रक्तगट बराबर तोच.

घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं. त्यांनी हातातलं वर्तमानपत्र घडी घालून ठेवलं. मग म्हणाले, "मी नको म्हणलं तर तू थांबणार हायेस का?"

"न्हाई."

"मंग मी हो म्हणतो." आणि उठून आंघोळीला गेले.

तपासण्या झाल्या. मला वाटलं, आता तारीख देतील. डॉक्टरांनी मला आणि मायला आत बोलावलं आणि स्क्रीन आमच्याकडं वळवली.

"ताई, तुमच्याही लिव्हरमध्ये चरबी आहे. भावाला होता तोच आजार, अलीकडच्या पायरीवर. असं लिव्हर मी घेऊ शकत नाही. त्यालाही चालणार नाही आणि तुम्हालाही धोका."

मला राग आला. कुणाचा ते कळेना. "मला तर काहीच व्हत न्हाई सर. दिवसभर मशीन चालवते."

"बसून चालवता ना?" ते म्हणाले.

वजन एक्क्याऐंशी किलो भरलं. ते म्हणाले, तुमच्या पायरीवर हे उलटं फिरवता येतं, वजन उतरलं की लिव्हरमधली चरबी उतरते. सात-आठ किलो उतरवा, मग परत स्कॅन करू. विलासकडं किती वेळ आहे असं मी विचारलं तेव्हा त्यांनी पेन ठेवला. "दोन-तीन महिने सांभाळू शकतो. त्याच्यापुढचं मी सांगू शकत नाही."

मायनं एकच प्रश्न विचारला. "हिच्या जिवाला काही?"

"धोका कमी आहे, आजी. पण शून्य आहे असं मी म्हणणार नाही."

बाहेर आल्यावर माय जिन्यात थांबली आणि कठड्याला धरून उभी राहिली. मला वाटलं गुडघे दुखून राहिलेत.

श्रावण

विलास आणि वंदना दवाखान्याजवळच खोली घेऊन राहिले, पोरगी वंदनाच्या माहेरी गेली. माय माझ्याकडं आली. म्हणाली, तू काम कर, चूल माझ्याकडं. आहाराच्या मॅडमनी छापील तक्ता दिला होता. तो मी मापाच्या वहीत घालून ठेवला, कारण श्रावण लागत होता आणि आमच्या डोक्यात एकच उपाय होता. उपवास.

आता आठवलं की कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. सोमवार धरला, शनिवार धरला, चतुर्थी, एकादशी, आणि विलाससाठी म्हणून गुरुवारही. आठवड्यातून तीन-चार दिवस मी उपाशी. म्हणजे मला तसं वाटायचं. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, चार वाजता खजूर आणि राजगिऱ्याचा लाडू, संध्याकाळी तुपात परतलेले रताळ्याचे गोड काप. माय वाढायची आणि मी खायची. आधी देवाला हात जोडायचा, मग ताटाला. मनात एकच, विलासच्या नावानं चाललंय, देव बघून राह्यलाय.

शेजारच्या एका बाईनं काविळीची मुळी आणून दिली. तेवढी मात्र मी घेतली नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, काढा, मुळी, पूड काही काही पोटात जाऊ द्यायचं नाही, त्यानं चांगलं लिव्हरही बिघडतं. तेवढी एक अक्कल त्या महिन्यात शाबूत होती.

पोळा झाल्यावर परत गेलो. वजन ब्याऐंशी. स्कॅनमध्ये चरबी होती तेवढीच.

आहाराच्या मॅडम माझ्या पोरीपेक्षा, रुतुजापेक्षा, पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी विचारलं, "काल काय काय खाल्लं?"

"काल तर उपवास व्हता," मी ताठ मानेनं सांगितलं, आणि यादी वाचली. त्या लिहीत गेल्या, मग त्यांचा पेन थांबला. "मावशी, तुम्ही उपवासाच्या दिवशी रोजच्या दीडपट खाताय. सगळा साबुदाणा, साखर आणि तूप."

मागून आमचे हे हळूच म्हणाले, "एकादशी, दुप्पट खाशी." मी वळून असं बघितलं की पुढचा तासभर ते पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभे राहिले. खरं तर मला रडायचं होतं. भावाचा एक अख्खा महिना मी खिचडीत घातला होता.

मॅडमनी सगळं पुन्हा समजावलं. दीड भाकरी, भाजी जास्त, मटकी, ताक, डाळ. चहा बिनसाखरेचा. रोज तासभर चालणं. उपाशी राहायचं नाही. आणि तेल-तूप दिवसाला मोजून तीन चमचे. माय पुढं सरकून ऐकत होती. तिनं विचारलंसुद्धा, "तुपानं लई वाढती का चरबी?"

"हो आजी. आणि लपलेलं तूप-तेल सगळ्यात वाईट. माणसाला वाटतं आपण कमी खातोय, आणि वजन जागेवरच."

मायनं मान डोलावली. मला बरं वाटलं, की म्हातारी शिकून राह्यली.

टेप हलेना

त्या दिवसापासून मी तक्त्यातलं अक्षर सोडलं नाही. पहाटे बाजार समितीपर्यंत चालत जायची आणि यायची. गौरीच्या ब्लाउजांची गर्दी होती तरी दर तासाला मशीनवरून उठायची. चहा असा प्यायची की जणू कुणी औषध पाजतंय. दर सोमवारी माझाच टेप माझ्या कमरेला लावायची आणि मापाच्या वहीत, गिऱ्हाइकांच्या शेवटी, स्वतःचं पान काढून लिहायची.

पहिल्या आठवड्यात काहीच नाही. दुसऱ्या आठवड्यात पाव इंच. तिसऱ्यात परत जागेवर.

तिकडून रोज फोन यायचा. एका दुपारी विलासचाच आला. "अक्का, दुकानाची चावी कुठं ठिवली? युरियाची गाडी येऊन उभी राह्यली, माणसं थांबलेत."

तो दवाखान्याच्या कॉटवर होता. मी म्हटलं, "विलास, तू कुठं हायेस बाबा?"

"दुकानात. तू जल्दी चावी पाठव." मग मागून वंदनाचं रडणं ऐकू आलं आणि फोन कट झाला. लिव्हर काम करेनासं झालं की विष डोक्यात चढतं, माणूस असा भरकटतो, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. औषधानं तो दोन दिवसांत शुद्धीवर आला. पण त्या दोन दिवसांत मी चार ब्लाउज उलटे शिवले आणि उसवले.

शुद्धीवर आल्यावर त्यानं फोन करून म्हटलं, "राहू दे अक्का. माह्यापायी तुह्या पोटाला चिरा कशाला?"

"तू गप पड," मी ओरडले. "लहानपणी माह्या वाटची चिक्की खाल्ली तव्हा नाही सुचलं हे." तो हसला. मी फोन ठेवला आणि मशीनवर डोकं टेकवून रडले, सुताचं रीळ खाली पडलं तरी उचललं नाही.

कागदावरचा डाग

एके दिवशी माझ्या शिलाईच्या दुकानात गर्दी होती, घरी जेवायला जाणं जमणार नव्हतं. मायनं दोन अर्ध्या भाकरी आणि भाजी डब्यात दिली. डब्याचं झाकण सैल होतं. मी भाकरी काढून कटिंगच्या खाकी कागदात गुंडाळून ठेवली. दीड-दोन तासांनी खायला बसले आणि कागद उघडला.

कागदावर डाग होता. गोल, आरपार दिसणारा.

पहिल्यांदा वाटलं भाजी सांडली. भाजी तर वेगळी होती. मशीनचं तेल असेल म्हणून हुंगलं. तूप होतं.

ज्वारीच्या भाकरीचा कागदावर डाग पडत नाही. भाकरीत तेल नसतंच. पीठ आणि पाणी. वाफेचा ओलावा उमटला तर वाळून जातो. कापडावर, कागदावर तेलाचा डाग कसा दिसतो ते मला कुणी शिकवायचं कारण नाही, निम्मं आयुष्य गिऱ्हाइकांचे डाग काढण्यात गेलंय. तेव्हा आठवलं, गेले तीन आठवडे मी मायला म्हणत होते, "माय, तुह्या भाकरीला काय चव आली! कशी खुसखुशीत व्हती." ती नुसती हसायची.

घरी गेले. माय ओट्याजवळ बसून मेथी निवडत होती. मी काही न बोलता पिठाचा डबा उघडला आणि मुठीत पीठ दाबलं. मुटका तसाच राहिला. पिठाला तुपाचं मोहन चोळून ठेवलेलं होतं. डाळीच्या पातेल्यात पळी फिरवली, तळाशी दाण्याचं कूट.

"माय, हे काय हाये?"

ती मेथी निवडत राहिली.

"तुला म्याडमनी सांगितलं व्हतं ना? तू इचारलं व्हतं ना तोंडानं? मंग?"

"व्हय," ती म्हणाली. "म्हणूनच टाकलं."

मला आधी कळलंच नाही. मग एकदम कळलं. मी खाली बसले.

"तुह्या पोटातली चरबी उतरली असती तर त्यांनी तुला आत नेलं असतं," माय म्हणाली. तिनं मान वर केली नव्हती. "ते डाक्टर म्हणले ना, शून्य न्हाई. दोघंबी आत गेले अन् दोघंबी माघारी न्हाई आले, तर मी कोनाकडं बघू? एक तरी राहू दे म्हणलं. तुला लेकरू हाये."

"अन् विलासला न्हाई का?"

तिनं मेथीची दुसरी जुडी सोडली.

"त्याचं तू ठरवून टाकलं का माय? तो जाणार म्हणून?"

"मला नगं इचारू," ती म्हणाली. "माह्याच्यानं न्हाई सांगवत."

मी त्या वेळी जे बोलले ते इथं लिहायचं की नाही याचा पुष्कळ विचार केला. पण आजारपणात घरात काय होतं ते खरं सांगायचं असेल तर हेही सांगावं लागेल. मी पिठाचा डबा उचलून अंगणात रिकामा केला आणि म्हटलं, "उद्या त्याला काही झालं तर लोकं म्हणतील दारूनं मेला. मी म्हणन, मायनं मारला."

माय उठली. आपली पिशवी भरली. आमचे हे अडवायला गेले तर म्हणाली, "मला केदारखेड्याच्या गाडीत बसवून द्या जावईबापू." मी दारापर्यंतही गेले नाही.

वीस दिवस आणि अजून काही

त्यानंतर स्वयंपाक मी करायची. एकटीच्या भाकरीचं पीठ वेगळ्या डब्यात. तेलाचा चमचा भांड्याला बांधून ठेवला. पहिल्या आठवड्यात टेप एक इंच आत आला. मला आनंद व्हायला हवा होता. पण प्रत्येक इंचागणिक वाटायचं, हा इंच तीन आठवड्यांपूर्वी यायला पाहिजे होता.

आमच्या ह्यांनी माझ्यासोबत चालायला सुरुवात केली. वाटेत ते काहीबाही बोलत, टोमॅटोचा भाव, कुणाची म्हैस. माझ्या वाट्याची भीती ते तेवढा एक तास स्वतःकडं घेत. रुतुजानं चहातली साखर सोडली, न सांगता. बारावीतली पोरगी, चार वेळा चहा पिणारी. मी विचारलं तर म्हणाली, "मामाचा कागद पण असाच फ्रिजवर व्हता ना मम्मी."

केदारखेड्याला मी फोन केला नाही. मायनंही केला नाही.

नवरात्रात मी एकही उपवास धरला नाही. देवीपुढं दिवा लावला आणि सांगितलं, या वर्षी मला माफ कर, मला जेवावं लागतं. दसरा झाल्यावर स्कॅनला बोलावलं. त्याच आठवड्यात विलास परत भरकटला होता, या वेळी त्यानं वंदनाला ओळखलं नाही. डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, हे शेवटचं स्कॅन, यात जमलं नाही तर दुसरा मार्ग बघावा लागेल, आणि दुसरा मार्ग सध्या दिसत नाही. हे मला ते नंतर सांगणार होते. पण त्यांचा चेहरा मला कळतो.

वजन चौऱ्याहत्तर. मशीनच्या आत पडल्यावर श्वास रोखायला सांगतात. मी एवढा रोखला की आतून माइकवर आवाज आला, "ताई, सोडा आता, सोडा."

दीड तास बाकावर बसलो. डॉक्टर स्वतः बाहेर आले. "चालेल," ते म्हणाले. "चांगलंच उतरलंय." मी तिथंच खाली बसले आणि नमस्कार कुणाला करायचा ते न कळून जमिनीलाच केला.

मग अवयव द्यायची परवानगी देणाऱ्या कमिटीपुढं जावं लागलं. देणारा स्वखुशीनं देतोय का, हे ते कॅमेऱ्यासमोर विचारतात. "तुमच्यावर घरच्या कुणाचा दबाव आहे का?"

"व्हता," मी म्हटलं. टेबलामागचे सगळे सावध झाले. "देऊ नको म्हणून. आता न्हाई."

माघारी ये

ऑपरेशनच्या सकाळी मला हिरवे कपडे घालून स्ट्रेचरवर घेतलं. विलासला नंतर नेणार होते. लिफ्टजवळ माय उभी होती. वंदनानं बोलावलं होतं का ती आपणच आली, मी अजून विचारलेलं नाही. महिन्याभरात ती पार वाळली होती. मला उठता येत नव्हतं, ती जवळ आली आणि तिनं माझ्या पायांना हात लावला. थंड होते तर पदरानं चोळू लागली.

"माय, जाऊ का?"

तिनं माझे पाय चादरीत नीट गुंडाळले. मग म्हणाली, "जा. पन माघारी ये."

मला अतिशय भीती वाटली. खोटं कशाला सांगू? लिफ्टचं दार बंद झालं तेव्हा मला ओरडावंसं वाटलं की थांबा, मला नाही द्यायचं. मी तोंडातल्या तोंडात गिऱ्हाइकांची मापं म्हणत राहिले. छाती छत्तीस, कंबर बत्तीस, बाही दहा. मापं म्हणत म्हणतच मला झोपवलं.

जागी झाले तेव्हा नाकात नळी, घशाला कोरड आणि पोटावर कुणीतरी दगड ठेवलाय. नर्सला विचारलं, "माझा भाऊ?" ती म्हणाली, "त्यांचं चालू आहे. झोपा." पुन्हा जागी झाले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आमचे हे दिसले. "झालं," ते म्हणाले. "बसवलं." मग दुसऱ्या दिवशी दुपारी विलासच्या पोटात रक्त साचलं आणि त्याला परत आत नेलं. ते मला कुणी सांगितलं नाही. पण माय वरच्या मजल्यावर त्याच्या आयसीयूपाशी आणि खालच्या मजल्यावर माझ्यापाशी फेऱ्या मारायची, आणि त्या दुपारी ती खाली आलीच नाही. त्यावरून मला कळलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत पडून राहिले. पाणी मागायचीसुद्धा हिंमत झाली नाही.

दिवेलागणीला माय आली. चप्पल न घालता. कॉटच्या दांड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "थांबलं रक्त." आणि फरशीवर बसून, पदर तोंडात कोंबून, हमसाहमशी रडली.

सहाव्या दिवशी मला भिंतीला धरून वर नेलं. काचेच्या पलीकडं विलास होता. त्यानं डोळे उघडले. चार महिन्यांनी मला त्याचे डोळे पांढरे दिसले.

भाकरी

आता दीड महिना झाला. विलास आणि मी दोघंही दवाखान्याजवळच्या खोलीतच आहोत, तपासण्या चालू आहेत. माझं लिव्हर भरून येतंय असं डॉक्टर म्हणतात. विलासला आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतील. त्याला आणि मला दोघांनाही वजन, साखर सांभाळावी लागेल, कारण हा आजार परत येऊ शकतो. पोटावरचा व्रण मी टेपनं मोजला, साडेअकरा इंच. शिलाई सरळ आहे, एका जागी जरा चुणी पडलीय. हे मी डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, पुढच्या वेळी तुम्हाला बोलावू.

तुमच्या फ्रिजवर तसला कागद असेल तर आज खाली काढा आणि डॉक्टरांकडं जा. त्या पायरीवर माणूस माघारी फिरू शकतो. मी फिरले.

मायनं आणि मी त्या दिवसाबद्दल एक शब्द काढला नव्हता. ती आमच्यासाठी स्वयंपाक करायची, मी खायची. परवा तिनं तव्यावरून भाकरी काढली आणि माझ्या ताटात घातली नाही. पिशवीतून एक खाकी कागद काढला. माझ्या दुकानातला, कटिंगचा, नीट चौकोनी कापलेला. त्यावर तिनं भाकरी ठेवली.

"माय, हे काय?"

"थांब."

विलास कॉटवरून मास्क खाली ओढून बघत होता. भाकरी निवली. मायनं ती उचलली. कागदावर ओलसर गोल उमटला होता. "वाफ हाये," ती घाईनं म्हणाली. "सुकू दे." आम्ही तिघं त्या कागदाकडं बघत बसलो. गोल कडेनं बारीक होत गेला आणि मग नाहीसा झाला. मायनं कागद खिडकीकडं धरून मला दाखवला.

"बघ," ती म्हणाली. "काई न्हाई त्यात."

मला हुंदका आला, पोटावरचा व्रण ओढला गेला. मी म्हटलं, "माय, वरून जरा तूप लाव की. आता एक चमचा चालतंय."

"तूच घे बाई. माह्या हाताचा भरोसा न्हाई."

मी तुपाचा डबा तिच्यापुढं सरकवला आणि चमचा तिच्या हातात दिला.